अर्थ सुधारला आणि स्विच तापला

हेडलाइट लावला की मागचा डावा इंडिकेटर आपोआप मिणमिणतो. पुढचा डावा दिवा पिवळाधमक पडतो, आणि डावीकडे इंडिकेटर दिला की त्याच तालावर तो आणखी बसतो. ही तक्रार घेऊन एक निवृत्त प्राध्यापक त्यांच्या वडिलांची १९६८ची अँबॅसिडर मार्क टू आमच्याकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरात घेऊन आले. गाडी नुकतीच डेंटिंग-पेंटिंग होऊन आलेली. पांढरा रंग असा की त्यात बघून भांग पाडावा.

"मिस्त्री, लाइटचा स्विच नवा, पायातला डिपर नवा, फ्लॅशर नवा, बॅटरीसुद्धा नवी. आता अजून काय बदलायचं सांगा."

"काही बदलायचं नाही सर, आधी मोजू."

आमच्या धंद्यात 'बदलून बघू' हा रोग फार आहे. पार्ट बदलला की बिल होतं, मोजण्याचे पैसे कुणी देत नाही. आणि जुन्या गाडीचा जो पार्ट काढला तो बहुतेक वेळा नव्यापेक्षा चांगला असतो. सरांनी जुना स्विच पिशवीत जपून ठेवला होता. आत पितळी काँटॅक्ट, जाड पत्ती, पन्नास वर्षांनंतरही स्प्रिंग ताठ. बाजारातून आणलेल्या नव्या स्विचची पत्ती नखाने वाकत होती.

अँबॅसिडरचं वायरिंग म्हणजे जिच्यावरून ती बनली त्या मॉरिस ऑक्सफर्डचं, लुकास या ब्रिटिश कंपनीच्या रंगांचं. ते रंग एकदा डोक्यात बसले की गाडी वाचता येते. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट येणारी. निळी हेडलाइटची: स्विचपासून पायातल्या डिपर स्विचपर्यंत सरळ निळी, पुढे निळी-पांढरी अप्परला (लांबचा उजेड), निळी-लाल डिपरला (जवळचा उजेड). लाल साइड लाइटला, हिरवी इग्निशननंतरच्या फ्यूजची, काळी अर्थ, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट. या गाडीत फ्यूज दोनच, ३५ अँपिअरचे, आणि हेडलाइट त्या दोन्हींतल्या एकावरही नाही. बॅटरीकडून तपकिरी वायर निघते ती लाइटच्या स्विचवर. मध्ये अडवायला फ्यूज नाही. हे बहुतेक मालकांना माहीत नसतं, आणि खंत वाटते की पुष्कळ इलेक्ट्रिशियननाही नसतं.

मीटरची एक दांडी बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरी डाव्या हेडलाइटच्या बाऊलच्या, म्हणजे दिवा बसतो त्या वाटीच्या, पत्र्यावर. दिवे चालू. तिथं शून्याच्या आसपास दिसायला हवं, दिसले सहा व्होल्ट. उजव्या बाऊलवर तीन. म्हणजे बल्बपर्यंत येणारा करंट परत जायला वाट शोधत होता. डाव्या बाजूला हेडलाइट, साइड लाइट आणि इंडिकेटरचा अर्थ एकाच ठिकाणी घेतलेला. तिथं वाट बंद झाल्यावर करंट पुढच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरत होता, तिथून वायरने मागे जाऊन मागच्या इंडिकेटरमधून बॉडीला मिळत होता. म्हणून मागचा मिणमिणायचा. इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या बिचाऱ्या फ्लॅशरचा यात काडीचा दोष नव्हता.

कारण होतं तो सुंदर रंग. पेंटरने बाऊल काढले, मडगार्डला आतून-बाहेरून प्रायमर, पुटी, रंग मारला, बोल्टच्या भोकांतही रंग गेला, आणि अर्थच्या वायरचं थिंबल (टोकाची कडी) त्या रंगावर ठेवून बोल्ट आवळला. माझा पेंटरवर राग नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही. राग आहे तो गाडी नवी करताना पेंटरवर लाखभर घालवून वायरिंगला हात न लावण्याच्या पद्धतीवर. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लोक क्रोम बघतात, डॅशबोर्डखाली कुणी डोकं घालत नाही.

मोजताना आणखी एक दिसलं होतं. बॅटरी ते बल्ब, येणाऱ्या बाजूला सव्वा व्होल्ट पडत होता, म्हणजे वाटेतच वाया जात होता. इतक्या जुन्या गाडीत अर्धा-पाऊण व्होल्ट चालवून घेतो आपण. सव्वा जास्त होता. ते खडूने बोनेटच्या पट्टीवर लिहून ठेवलं आणि आधी अर्थ उरकायला घेतला. भोकाभोवती पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर टाकला, शिवाय दोन्ही बाऊलपासून थेट बॉडीच्या मुख्य पत्र्यापर्यंत नवीन काळी वायर ओढली, वरून व्हॅसलिन.

दिवे लावले तर समोरची भिंत पांढरीफटक. मागचा इंडिकेटर गप्प. सर एवढे खूश झाले की लगेच पाकीट काढलं. त्यांना त्याच रात्री आंबा घाटातून रत्नागिरीला जायचं होतं.

मी म्हटलं, "सर, अर्धा तास. इंजिन चालू, दिवे अप्परवर. मग जा." माझ्या उस्तादाची ही शिस्त होती: दुरुस्ती झाली की गाडी लोडवर ठेवायची आणि नाक उघडं ठेवायचं.

दहा मिनिटं झाली नसतील, वास आला. तापलेल्या बेकेलाइटचा वास एकदा नाकात बसला की जन्मात चुकत नाही. दिवे बंद केले, डॅशबोर्डखाली आडवा झालो. स्विचच्या तपकिरी वायरच्या टर्मिनलला बोट लावलं तर चटका. वायर मूळचीच, सुती वेणीची. ज्याने स्विच बदलला त्याने टोक पकडीने ओरबाडून सोललेलं, अर्ध्याहून जास्त तारा तुटून गेलेल्या, उरलेल्या स्क्रूखाली कशाबशा धरलेल्या. वेणी वितभर काळी पडून आतलं रबर कडक झालेलं, वाकवलं की टवके उडत होते. त्याच्या खालून एक इंचावर डॅशचा उघडा पत्रा.

बल्ब बघितले, तर १००/९० वॅटचे, अप्परला १००, डिपरला ९०. मूळची गाडी ४५/४०च्या हिशोबाची. दिवे मंद म्हणून कुणीतरी मोठे बल्ब घातले होते. क्लॅम्प मीटरने अर्थ सुधारण्याआधी करंट साडेअकरा अँपिअर दाखवला होता. आता एकदाच क्षणभर दिवे लावून बघितलं, सोळा. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या एका स्क्रूवर जवळपास दुप्पट. टर्मिनलवर १.१ व्होल्ट पडत होता, सोळाने गुणले की साडेसतरा वॅट. छोट्या सोल्डरिंग इस्त्रीइतकी आग, ती रबराला चिकटून.

म्हणजे ज्या खराब अर्थला आम्ही दोष देत होतो, तोच करंट अडवून स्विचला वाचवत होता. मी एक दोष काढला आणि दुसऱ्याला मोकळी वाट मिळाली. रबर गळून तपकिरी वायर पत्र्याला टेकली असती तर मध्ये फ्यूज नाही, बॅटरीची सगळी ताकद त्या वायरमध्ये. घाटात, रात्री, सगळे दिवे एकदम जाऊन.

हेच डोक्यातून जात नाही. तक्रार मिटली होती, गिऱ्हाईक खूश होतं, पैसे हातात येत होते. कुठल्याही गॅरेजात गाडी तिथंच सुटली असती, आणि कुणाला चूक म्हणताही आलं नसतं.

सर त्या रात्री गेले नाहीत. आम्ही जळकी वायर कापून नवीन चार चौरस मिलिमीटरची टाकली, सरांचा जुना पितळी स्विच साफ करून परत बसवला. दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) घातले, एक अप्परचा, एक डिपरचा. आता बल्बचा करंट स्टार्टरच्या सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टवरून रिलेमार्गे जातो, स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता. चार फ्यूज, डावा-उजवा वेगळा, म्हणजे एक उडाला तरी रस्ता दिसेल. बल्ब ६०/५५. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.६, बल्बवर १३.२. हा उजेड अर्थ खराब असतानाच्या १००/९०पेक्षा कितीतरी जास्त होता, कारण व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड तीस टक्के जातो.

सरांची एकच कुरकुर होती, रिले मूळ गाडीत नव्हते, प्रदर्शनात परीक्षक गुण कापतील. मी ते रेडिएटरच्या पट्टीमागे लपवून बसवले, वायरला काळी सुती स्लीव्ह चढवली. जाताना मात्र त्यांनी १००/९०चे बल्ब मागून घेतले, डिकीत असू देत म्हणून. मी नको म्हणत होतो, पण त्यांचा माल त्यांना द्यावाच लागतो. स्विच आता जळणार नाही, पण बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो २२ अँपिअरचाच आहे. ते बल्ब एकटेच सोळाहून जास्त खाणार, वर इग्निशन, साइड लाइट, पावसात वायपर. बॅटरी घाटात बसेल. बिलाच्या मागे हे सगळं आकड्यांनिशी लिहून दिलंय आणि खाली त्यांची सही घेतलीय.