फिटनेसचा कागद आणि लेकीचे दुधाचे दात : माझा अनुभव

लेकीच्या दातांचं काम होऊन आता बरेच दिवस झाले. ती दोन्ही बाजूंनी चावून भाकरी खाते, रात्री शांत झोपते. तरी त्या फिटनेसच्या कागदाची, म्हणजे मूल भूल द्यायला तंदुरुस्त आहे असं बालरोगतज्ज्ञांनी लिहून द्यायच्या चिठ्ठीची, आठवण आली की माझं डोकं आजही तापतं. पुण्यात आणखी कुणाचं तीन-चार वर्षांचं लेकरू या वाटेवर असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

तिचे वरचे पुढचे चार दात हिरडीलगत किडले होते आणि खालच्या दोन दाढांत खोल कीड होती. बालदंततज्ज्ञ, म्हणजे पेडोडोंटिस्ट, यांनी एक्स-रे पाहून सांगितलं की एवढं काम या वयात खुर्चीत बसवून होणार नाही. पूर्ण भूल देऊन एकदम सगळं करू. खर्च, तारीख, दाढांना बसवायच्या स्टीलच्या कॅप, सगळं त्याच भेटीत ठरलं. निघताना म्हणाले, "तुमच्या पेडिअ‍ॅट्रिशियनकडून फिटनेस आणा."

इथे गाडी अडली. जन्मापासून लेकीला बघणारे आमचे बालरोगतज्ज्ञ चिठ्ठी वाचून म्हणाले, "दुधाच्या दातांसाठी भूल? आई, हे दात पडणारच आहेत." मी दाढा दाखवल्या, रात्री रडत उठते ते सांगितलं. तेव्हा म्हणाले, भूल कुठे देणार, किती वेळ, कोण देणार, हे लिहून आणा. दातांच्या दवाखान्यात गेले तर उत्तर मिळालं, ते भूलतज्ज्ञ ठरवतील. भूलतज्ज्ञ केस असेल त्याच दिवशी येणार, आणि केस लागायला फिटनेस हवं! धायरीहून कर्वे रोडला, तिथून परत, संध्याकाळच्या ओपीडीत टोकन घेऊन मांडीवर कण्हणारं पोर घेऊन बसायचं, आणि आत गेल्यावर दोन मिनिटांत "अमुक कागद आणा" ऐकून बाहेर पडायचं.

मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, आयर्नचं औषध सुरू झालं. हे योग्यच होतं, भूल देण्याआधी ते पाहायलाच हवं. (आयर्नच्या थेंबांनी दातांवर काळसर डाग येतात, ती कीड नसते, ते दंतवैद्य साफ करून देतात.) तोवर पावसाळा लागला आणि तिला सर्दी-खोकला झाला. खोकला गेल्यावरही काही आठवडे श्वासनलिका हळवी असते, त्यात भूल धोक्याची, म्हणून तारीख पुढे गेली. त्याचंही मला दुःख नाही. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. खोकला पूर्ण बरा झाल्यावर गेले तर कळलं, आधीचे रिपोर्ट जुने झाले, पुन्हा काढा. एवढ्या काळात दाढ ठणकतच होती. गालही एकदा सुजला.

शेवटी मी दातांच्या दवाखान्याच्या काउंटरपाशी उभी राहून बालरोगतज्ज्ञांना फोन लावला आणि तो सरळ पेडोडोंटिस्टच्या हातात दिला. दोघं बोलले. काय काम आहे, वेळ किती लागेल, कोणते रिपोर्ट हवेत, सगळं त्या एका फोनवर मिटलं आणि दुसऱ्याच दिवशी फिटनेस हातात आलं. पहिल्या दिवशीच हे करून घ्या. कागद नेण्या-आणण्याचं काम आईबापांच्या पायांवर सोडू देऊ नका. आणि काय काय लिहून हवं, ते दोन्ही डॉक्टरांकडून एकाच चिठ्ठीवर मागून घ्या.

त्याहून खोल सल वेगळाच आहे. सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने, मग दीड वर्ष, अशा प्रत्येक लसीला आम्ही त्याच दवाखान्यात होतो. वजन, उंची, डोक्याचा घेर, टॉर्च लावून घसा, सगळं पाहिलं गेलं. वरचा ओठ कुणी उचलला नाही. दीड वर्षाची असताना हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ मीच दाखवली होती. "कॅल्शियम कमी असेल" म्हणून सिरप मिळालं. आता पेडोडोंटिस्टकडून कळलं की ती रेघ म्हणजे किडीची पहिली खूण. त्या वेळी फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप, लावलं आणि रात्रीचं दूध सांभाळलं तर कीड तिथेच थांबू शकते. उगवून आलेल्या दाताला कॅल्शियमच्या सिरपचा उपयोग नाही. वार्निश बालरोगतज्ज्ञही लावू शकतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिला दात आला की ते लावायला आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याकडे न्यायला सांगते. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी-शाळांतल्या तपासणीच्या आजारांत दात आहेत. पहिल्या वर्षात आपण दंतवैद्याकडे जात नाही, बालरोगतज्ज्ञांकडे मात्र सारखे जातो. पहिली नजर त्यांचीच पडायला हवी, हे मी ठामपणे म्हणते.

म्हणून लसीला गेलात की स्वतःहून म्हणा, "डॉक्टर, ओठ उचलून दात बघता का?" संकोच करू नका. आमच्या डॉक्टरांना मी नंतर हे सगळं शांतपणे सांगितलं. धाकट्याच्या लसीच्या वेळी त्यांनी स्वतः ओठ उचलून पाहिलं.

"पडणारच आहेत" म्हणणाऱ्यांना एवढं सांगा की दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि पक्क्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात.

आठवलं तसं आणखी लिहिते. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्री बाटली तोंडात ठेवून झोपवणं सगळ्यात वाईट. वरचे पुढचे दात आधी जातात, खालच्यांवर जिभेचं पांघरूण असतं. ताप-खोकल्याची बरीच सिरपंही गोड असतात, रात्री दिल्यावर दात पुसा. तीन वर्षांखाली फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. खर्च झेपत नसेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, कॅम्पातलं रंगूनवाला या दंत महाविद्यालयांत बालदंत विभाग आहेत, तिथे चौकशी करा. भुलीच्या दिवशी दूध आणि खाणं सहा तास आधी बंद लागतं, म्हणून सकाळची पहिली केस मागून घ्या; उपाशी लेकराला दुपारपर्यंत सांभाळणं फार कठीण जातं.