वहीतला तीन आणि फळ्यावरचा आठ

भांडुपला आमच्या चाळीत मी संध्याकाळी ट्यूशन घेते, पाचवी ते आठवीची मुलं. त्यातली सहावीतली एक मुलगी मला वर्षभर कोड्यात टाकत होती. फळ्यावर मी ४८ गुणिले ६ लिहिलं की तिच्या वहीत ४३ गुणिले ६ आणि उत्तर २५८, म्हणजे तिने जे गणित लिहिलंय ते अगदी बरोबर सोडवलंय पण ते माझं गणितच नाही! आणि मी काय करायचे, "लक्ष कुठे असतं गं तुझं" म्हणून ओरडायचे. शाळेतही तेच, वहीत लाल रेघा, आईला बोलावणं. हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

एकदा स्टेशनवर तिची आई आणि ती भेटल्या, लोकल किती वाजताची आहे बघ गं इंडिकेटरवर असं मी सहज म्हटलं, तर ती डोळे बारीक करून चार पावलं पुढे गेली. तिथेच मी तिला एकेक डोळा तळहाताने झाकायला लावला. उजवा झाकला तर म्हणाली, ताई, इंडिकेटर लागलाय का तरी?

तिने कधी सांगितलं का नाही असं आईने विचारलं. अहो पण सांगणार काय? जन्मापासून जग असंच दिसतंय, बाकीच्यांना फळा स्पष्ट दिसतो हे तिला कळणार कुठून.

म्युनिसिपल हॉस्पिटलच्या ओपीडीत ड्रॉप्स घालून बाहुली मोठी करून तपासलं, लहान मुलांचं असंच तपासावं लागतं कारण मुलं तपासताना डोळ्यावर नकळत जोर देतात आणि नंबर चुकीचा येतो. परत एकदा बोलावलं आणि मग नंबर निघाला, डावा मायनस ३, उजवा मायनस १. मायनस ३ म्हणजे काय तर साधारण ३३ सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं, फुटपट्टीपेक्षा जरा जास्त, त्यापुढे सगळं धूसर. उजवा डोळा बरा म्हणून तोच भार वाहत होता आणि डाव्याचं कुणाला कळलंच नाही. म्हणून सांगते, दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारू नका, एकेक झाकून विचारा. आणि वाट बघू नका, कारण एक डोळा धूसरच राहिला तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, त्याला आळशी डोळा म्हणतात, आणि वयाच्या सात-आठ वर्षांच्या आत पकडलं तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून खूप सुधारतो, नंतर अवघड होत जातं.

खरी लढाई घरी झाली. आजी म्हणाल्या, मुलीच्या जातीला चष्मा, उद्या लग्नात विचारतील, आणि एकदा लावला की नंबर वाढतच जातो. त्यांच्या शेजारी बसून सांगितलं की आजी, उंची वाढते तसा डोळाही लांब होतो म्हणून नंबर वाढतो, चष्म्याने नाही, चष्मा काढून ठेवला तरी वाढेलच आणि वर पोरीचा फळा जाईल. गाजराचंही तसंच, खाऊ दे की, पण नंबर त्याने जात नाही. मायनस नंबर लागू नये म्हणून दिवसाउजेडी बाहेर खेळण्याचा मात्र खरंच उपयोग होतो, तैवानमध्ये तर २०१० पासून मुलांना रोज दोन तास उजेडात बाहेर काढा असं शाळांना सांगितलं गेलं. आपल्याकडे मैदानंच उरली नाहीत हे दुःख वेगळं.

सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासूनचा आहे, शाळेतली तपासणी आणि मोफत चष्मे त्यात येतात, तेव्हा पैसे नाहीत म्हणून थांबू नका, शाळेत विचारा.

चष्मा लागला त्या संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहून समोरच्या बिल्डिंगमधल्या दोरीवरचे चिमटे मोजत होती, रंगांसकट. तिची आई आत जाऊन रडली.

या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा मी आमच्या गॅलरीत टेपने २० फूट मोजून खडूची रेघ मारली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि ट्यूशनच्या सगळ्या मुलांना एकेक डोळा झाकून उभं केलं. दोघं अडखळले. एकाचा चष्मा झालाय. दुसरीची आई म्हणते गणपती होऊ देत मग बघू. परवा मी परत जाणार आहे तिच्याकडे.