इस्तंबूल: रांग टाळायचे पैसे भरून थांबलेली सकाळ

हाया सोफियाचं (आधी चर्च, आता मशीद) तिकीट तिथल्या खिडकीवर माणशी 25 युरो. मी हुशारी केली आणि पुण्यात बसूनच एका मध्यस्थ साइटवर 'रांग टाळा' तिकिटं काढली, प्रत्येकी 18 युरो जास्तीचे मोजून. निरोप आला: साडेनऊला जर्मन कारंज्यापाशी या, हिरवा झेंडा घेतलेला माणूस भेटेल.

साडेनऊला लाल झेंडा होता, दोन पिवळे होते, एक निळी छत्री होती. हिरवा नाही. फोन लागेना. व्हॉट्सॲपवर '5 मिनिटं', दहा वाजता पुन्हा '5 मिनिटं'. सासूबाई कारंज्याच्या पायरीवर टेकल्या. ते कैसर दुसऱ्या विल्हेल्मने भेट दिलेलं, 1901 सालचं, घुमटाला आतून सोनेरी मोझॅइक. दुसरं काही कामच नव्हतं, त्यामुळे पाठ झालं. पलीकडे थिओडोसियसचा स्तंभ, चित्रलिपी अगदी काल कोरल्यासारखी. तो इजिप्तहून आणलाय म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तो इजिप्तहून येऊन पोचला, तुझा माणूस कुठे अडकला?" नवरा गप्प होता. ते जास्त लागलं.

दहा चाळीसला झेंडा उगवला. सॉरी वगैरे काही नाही, चला म्हणाला. आणि नेलं कुठे, तर सुरक्षा तपासणीच्या रांगेत! ती सगळ्यांना एकच. टळली ती तिकीट खिडकीची रांग, आणि तिथे आठ माणसं होती. मी मोजली. तेव्हा सरळ खिडकीवर जा.

2024 पासून परदेशी पर्यटकांना वरचा सज्जाच बघता येतो, खाली नमाज. वर जायला जिना नाही, दगडी चढाची वळणं आहेत, गुडघेवाल्यांनी सावकाश जावं. वर ख्रिस्ताचं एक मोझॅइक आहे, खालचा बराचसा भाग गळून गेलेला. पण डोळ्याखालची सावलीसुद्धा बारीक खड्यांनी भरलीय. तिथे मात्र मी झेंडा विसरले.

हो, बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी घरूनच न्यावी. आणि मंगळवारी जाऊ नका, शेजारचा तोपकापी राजवाडा बंद असतो. आम्ही मंगळवारीच गेलो.

मग एमिनोनूच्या धक्क्यावरून पलीकडच्या आशियाई किनाऱ्यावरच्या कादिकोयची बोट पकडली. बस-बोटीच्या एकाच कार्डावर तिघंही आत. वीसेक मिनिटं बॉस्फरसचा वारा, कमरेत बारीक काचेच्या पेल्यात चहा, मागे मांडव्याच्या लाँचसारखेच सीगल. सासूबाईंनी अर्धा सिमित (तीळ लावलेला कड्यासारखा पाव) त्यांना घातला आणि विचारलं, "ह्याचं तिकीट कुठून काढलंस गं?"