तुम्ही विचारलंत म्हणून: ज्यू संस्थांना पुढची माणसं कुठून मिळतात?

मी न्यू जर्सीत एका ज्यू सेवाभावी संस्थेत एचआर बघते आणि मी स्वतः ज्यू नाही, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींत ओळख झाली की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. "यांच्या संस्था शंभर-शंभर वर्षं चालतात, पुढचे लोक कुठून मिळतात यांना? आपल्याकडे अध्यक्ष थकला की मंडळ थकतं." आणि मग हळूच, "पैसा आहे ना त्यांच्याकडे."

पैशाचं आधी सांगते, कारण ते ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. ज्यू म्हणजे पैसेवाले हा जुना आणि विषारी समज आहे, त्यापायी या लोकांनी काय काय भोगलंय ते जगाला माहीत आहे, तो आपण सहज बोलण्यात वापरू नये. आणि व्यवहारात बघाल तर देणगी मिळते ती इमारतीला, स्कॉलरशिपला, म्हाताऱ्या माणसांच्या जेवणाच्या डब्यांना. सुपरवायझरला माणसं सांभाळायला शिकवायचंय, त्यासाठी पैसे द्या म्हटलं तर देणगीदार मिळणं फार अवघड, तिथे आम्हीही तुमच्यासारखेच हात पसरून उभे असतो.

शंभर वर्षांचं मात्र खरंय. शहरातल्या सगळ्या ज्यू संस्थांसाठी एकत्र देणगी गोळा करायची ही फेडरेशनची पद्धत बॉस्टनमध्ये १८९५ ला सुरू झाली, जगभरच्या गरजू ज्यू लोकांना मदत करणारी जेडीसी १९१४ ची (ती मुंबईतही काम करते, आपल्या बेने इस्रायल म्हणजे मराठी ज्यू लोकांसोबत), कॉलेजातल्या मुलांसाठीचं हिलेल १९२३ चं. पण संस्था जुनी असली म्हणून पुढारी आपोआप तयार होत नाहीत, आणि हे त्यांना स्वतःला २०१४ मध्ये चांगलंच कळलं. ब्रिजस्पॅन नावाच्या सल्लागार संस्थेने त्या वर्षी अभ्यास करून सांगितलं की येत्या ५ ते ७ वर्षांत ७५ ते ९० टक्के ज्यू संस्थांना नवा प्रमुख शोधावा लागणार आहे. एक अख्खी पिढी रिटायर व्हायला आलेली आणि मागे बघावं तर दुसरी फळी तयार नाही. म्हणजे तुमचा जो प्रश्न आहे तोच त्यांचा होता, फक्त त्यांनी तो आकड्यात मांडला आणि सगळ्यांसमोर ठेवला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्यातून त्याच वर्षी बऱ्याच फाउंडेशन्स आणि फेडरेशन्सनी मिळून लीडिंग एज नावाची संस्था काढली. नवीन सीईओ आला की त्याला एकट्याला सोडायचं नाही, त्याच्यासारख्याच इतर नव्या सीईओंचा गट, कोच, असं काहीतरी त्याच्याभोवती उभं करायचं, हे एक काम. दुसरं काम म्हणजे २०१६ पासून कर्मचाऱ्यांचा सर्व्हे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं हेच. कारण पुढारी शोधायला निघालेल्या लोकांना लवकरच कळलं की माणसं नाहीत असं नाहीये, होती, चांगली होती, ती तिशी-पस्तिशीत सोडून गेली.

का गेली? हे मी अगदी जवळून बघितलंय. आधी मी ज्या संस्थेत होते तिथे ज्येष्ठांचा कार्यक्रम बघणारी एक बाई होती, तिच्याइतकी नेतृत्वाची समज मी फार थोड्या लोकांत बघितलीये. तिच्या टीममधली माणसं एकेक करून गेली, जागा भरल्या नाहीत, तिने विचारलं की दर वेळी उत्तर एकच, की आपलं काम किती पवित्र आहे बघ, लोक आपल्यावर अवलंबून आहेत. शेवटी ती एका हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागली. तिला काम नकोसं झालं नव्हतं हो, त्या कामाच्या नावाने तिला सतत गप्प बसवलं जात होतं ते नकोसं झालं होतं. सर्व्हेचे निकाल हातात येतात तेव्हा मला हेच दिसतं, संस्थेच्या कामाचा अभिमान आहे का याला भरभरून हो, आणि पगार, कामाचा बोजा, इथे माझी वाढ होईल का, तिकडे आलं की आकडे खाली. तो अभिमान म्हणजे विहिरीचं पाणी आहे, कितीही उपसा म्हणून चालत नाही.

मला विशेष वाटतं ते हे की त्यांच्या धर्मग्रंथात याबद्दल अगदी स्पष्ट लिहिलंय, मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्या. आणि तरी अमेरिकेत बाळंतपणाची पगारी रजा देशाच्या कायद्यात नाही, १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे मिळतात ते बिनपगारी, तेही ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तरच, आणि पुष्कळ ज्यू संस्था त्याहून लहान. म्हणजे ज्या राज्याची स्वतःची योजना नाही तिथे द्यायची तर संस्थेने स्वतः ठरवूनच द्यावी लागते. ज्यांनी दिली तिथे बायका टिकल्या, वर गेल्या. एकूण या क्षेत्रात काम करणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत, पण मोठ्या संस्थांच्या टोकाच्या खुर्चीवर अजून बहुतेक पुरुष, हे काही मी मान्य करून गप्प बसणार नाही. छळाच्या तक्रारी दाबल्या जाऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये एसआरई (सेफ्टी, रिस्पेक्ट, इक्विटी) नेटवर्क सुरू झालं, त्यानंतर निदान तक्रार कुठे करायची हे तरी बऱ्याच ठिकाणी लेखी आलंय.

इथल्या बऱ्याच मीटिंगा त्या आठवड्याच्या तोरा-वाचनावर (तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, दर आठवड्याला त्यातला एक भाग वाचतात) कुणीतरी दोन शब्द बोलून सुरू होतात. हिवाळ्यात मोशे (मोझेस) आणि त्याचा सासरा इथ्रो यांचा भाग येतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसलेला असतो, इथ्रो बघतो आणि सरळ सांगतो, हे तू चांगलं करत नाहीयेस, तूही झिजशील आणि लोकही, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, अवघड तेवढं तुझ्याकडे येऊ दे. मला त्यातलं दहांवरचा माणूस हे फार आवडतं, कारण लीडरशिप म्हटलं की सगळे सीईओच्या ट्रेनिंगवर खर्च करायला तयार, आणि माणूस नोकरी सोडतो ती बहुतेकदा त्या दहांवरच्या माणसामुळे. आम्ही आता सुरुवात तिथूनच करतो, नवीन सुपरवायझरला अप्रिय गोष्ट समोर बसून कशी बोलायची, सुट्टीवर असलेल्याला फोन का करायचा नाही, अशा अगदी साध्या गोष्टी.

सुट्टीवरून सांगते, आमचं ऑफिस शब्बाथसाठी, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, शुक्रवारी लवकर बंद होतं आणि शनिवार संध्याकाळपर्यंत ईमेल येत नाही. कोकणात बेने इस्रायल लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे तुम्हाला माहीत असेल. धर्म मानणारा असो नसो, माझ्यासारखी बाहेरची असो, ती विश्रांती सगळ्यांना मिळते. फक्त ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला त्यानंतर कित्येक महिने ती कुणालाच नीट मिळाली नाही, कुणाचे नातेवाईक तिकडे इस्रायलमध्ये, दाराशी सिक्युरिटी वाढलेली, ऑफिसातच एकमेकांशी न पटणारी मतं, आणि काम दुप्पट. त्या काळात ज्या मॅनेजरांनी आधीपासून माणसांशी बोलायची सवय ठेवली होती त्यांच्या टीम टिकल्या, बाकीच्यांकडचे राजीनामे माझ्या टेबलावर आले.

बोर्डाचं काम अजून अर्धवट आहे. कर्मचाऱ्याचं मूल्यमापन होतं, सीईओचं होतं, बोर्डावरच्या स्वयंसेवकाला तुम्ही रात्री अकराला मेसेज करता ते बरोबर नाही हे कुणी सांगायचं? बोर्डाचा अध्यक्ष आणि सीईओ यांचं जमलं नाही तर चांगला सीईओ टिकत नाही, आणि यावर सर्व्हेसारखा सोपा उपाय मला तरी दिसलेला नाही.

आणि तुमच्या मंडळाबद्दल विचाराल तर पुढचा अध्यक्ष कोण हे मी आधी विचारणारच नाही. तुमच्या सेक्रेटरीला कुणालाही न विचारता किती डॉलर खर्च करता येतात ते सांगा, आणि गेल्या दोन वर्षांत जे तरुण यायचे बंद झाले त्यांना का म्हणून विचारायला कुणी फोन केला होता का, तेही सांगा.