दूधसागर, जीपने

आजचा दिवस गोव्यातल्या दूधसागर धबधब्याचा. जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी.

जीप कुळे गावाहून सुटतात. एका जीपमध्ये सात जण, त्यामुळे दोघंतिघंच असाल तर बाकीच्या जागा भरेपर्यंत थांबावं लागतं किंवा अख्ख्या जीपचे पैसे मोजावे लागतात. म्हणून सकाळी लवकर पोचा. शनिवार-रविवारी उशीर झाला की नंबर लागणं कठीण. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, ते तिथेच भाड्याने मिळतं. बकल लावून पट्टे ओढून बघा. सैल जॅकेट पाण्यात वर सरकून थेट गळ्याशी येतं.

वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते. मधे ओढे लागतात आणि जीप सरळ पाण्यात उतरते. पावसाळा नुकताच संपला असेल तर पाणी आतही शिरतं, तेव्हा बॅग पायाशी नको, मांडीवर घ्या.

शेवटचा टप्पा दगडांवरून पायी. इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात, कारण ओल्या दगडावरचं शेवाळ दिसत नाही. चपला नकोत, मागे पट्टा असलेले रबरी तळव्याचे सँडल हवेत. माकडं खाऊची पिशवी हिसकावतात, ती बाहेर काढूच नका.

धबधबा ३१० मीटर उंच आहे आणि त्याच्या मधोमध रेल्वेचा पूल. गाडी त्यावरून जाताना खालून पाहिली की उंचीचा खरा अंदाज येतो! रुळांवरून चालत यायला मात्र बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

पाणी भरपूर हवं असेल तर हंगाम सुरू झाल्या झाल्या, ऑक्टोबरात जा. मे महिन्यात धार फार बारीक होते.