आमची वाटचाल: भाड्याच्या सायकलींपासून ड्रॉप बारपर्यंत

वडिलांनी पुण्यात पेठेत दुकान टाकलं ते तासाच्या भाड्याने सायकली द्यायला. तेव्हा पुणं सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जायचं. हँडल एकाच तऱ्हेचं. वाकडं झालं की पुढचं चाक गुडघ्यांत धरून सरळ करायचं, एवढंच त्याचं काम. पुढे घरोघरी स्कूटर आल्या, भाड्याचा धंदा बसला आणि दुकान दुरुस्तीवर तगलं.

मी गल्ल्यावर बसलो तेव्हा गिअरच्या सायकली येऊ लागल्या होत्या. मग ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करायची सायकलवारी, करणारी मंडळी आली. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत. सायकली उत्तम, पाय तयार, पण तक्रार बहुतेकांची तीच: करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, मानेला रग लागते. सीट बदलून झालेली, हातमोजे बदलून झालेले. हँडलकडे कोणी बघतच नव्हतं. आमच्या धंद्याला वळण मिळालं ते इथे: ड्रॉप बार, म्हणजे टोकं पुढे जाऊन खाली वळलेली हँडलं, माणसाच्या मापाने बसवून द्यायची.

खांद्याच्या दोन्ही टोकांना हाताला लागणाऱ्या हाडांमधलं अंतर आम्ही टेपने घेतो आणि त्या रुंदीपासून सुरुवात करतो. पण हँडलच्या मापातच एक गोम आहे. काही कंपन्या नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही बाहेरून बाहेर. नळी २४ मिलिमीटरच्या आसपास जाड, त्यामुळे एकीचं ४२ सेंटिमीटर ते दुसरीचं ४४ होतं. म्हणून खोक्यावरच्या आकड्यावर न जाता हँडल हातात घेऊन मोजायचं, हा आमचा नियम. २०२६ पासून सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयने रोड शर्यतींसाठी बाहेरून बाहेर किमान ४०० मिलिमीटरची अट घातली आहे. ती शर्यतीपुरती. ताम्हिणीला जाणाऱ्या बारीक चणीच्या ताईंना ३६ लागत असेल, तर आम्ही बिनदिक्कत ३६ देतो.

रुंदीइतकंच रीच (हँडल पुढे किती जातं) आणि ड्रॉप (खाली किती उतरतं) बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. दिवसभर लॅपटॉपपुढे बसणाऱ्याची पाठ पहाटे फार वाकत नाही. त्याला ७०-७५ मिलिमीटर रीच आणि १२०-१२५ ड्रॉपचं कॉम्पॅक्ट हँडल द्यावं, नाहीतर खालचा भाग नुसता शोभेला राहतो. दुकानात वेगवेगळ्या मापांची जुनी हँडलं ठेवली आहेत. केबल बाहेरून असेल तर त्यातलं एक गिऱ्हाइकाच्या सायकलवर चढवतो, पकडीसाठी हँडलवर गुंडाळतात तो टेप कच्चा गुंडाळतो आणि सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन या म्हणतो. परत आलेला माणूस स्वतःच सांगतो काय हवं ते. केबल हँडलच्या पोटातून गेलेली असेल तर मात्र हे जमत नाही. तिथे नुसती अदलाबदल म्हणजे अर्धा दिवस. दिसायला ती सायकल देखणी, पण माप पक्कं झाल्याशिवाय तसलं हँडल घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

अलीकडे ग्रॅव्हल सायकली वाढल्या. पुरंदरच्या, मुळशीच्या कच्च्या रस्त्यांवर उतारावर खडी सरकते तेव्हा हात खाली आणि थोडे फाकलेले हवेत, दोन बोटं ब्रेकवर. त्यासाठी फ्लेअर, म्हणजे हँडलचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला फाकलेला. १२ ते १६ अंश बहुतेकांना पुरतात. २०-२५ अंशांत खाली पकड भक्कम येते, पण हुड्स, म्हणजे ब्रेकच्या रबरी मुठी, आत कलतात आणि डांबरी रस्त्यावर दूर जाताना काहींची मनगटं दुखतात. घरापासून कच्च्या रस्त्यापर्यंत चाळीस किलोमीटर डांबर असेल, तर कमी फ्लेअर घ्या.

एक गोष्ट अजून फारसं कोणी विचारत नाही: घाम. टेपखाली तो मुरतो आणि ॲल्युमिनियमला खातो, विशेषतः हुड्सच्या क्लॅम्पजवळ. मुंबई-कोकणातल्या आणि घरात ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) चालणाऱ्या सायकलींचा टेप काढला की पांढरी भुकटी पडते, कधी नळीला खड्डे दिसतात. खड्डे दिसले तर ते हँडल आम्ही परत चढवत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो. टेप बदलायला आलेल्या प्रत्येक सायकलचं हँडल उघडं करून, पुसून, उजेडात फिरवून बघतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.