अडोबी वॉल्स: कुरणात हरवलेले रणांगण

टेक्सासच्या नकाशात उत्तरेकडे जो चौकोनी भाग वर निघालेला दिसतो, ज्याला पॅनहँडल म्हणतात, त्यातील हचिन्सन काउंटीत, कॅनेडियन नदीच्या खोऱ्यात, अडोबी वॉल्स नावाचे एक रणांगण आहे. तेथे आदिवासी आणि गोरे यांच्यात दहा वर्षांच्या अंतराने दोन लढाया झाल्या. पहिली १८६४ साली आणि दुसरी, जिचे परिणाम फार दूरवर पोहोचले ती, १८७४ साली. डॅलस किंवा ह्यूस्टनला राहणारी मराठी मंडळी सुट्टीत अमरिलोपर्यंत जातात, पॅलो ड्युरोची दरी पाहतात आणि परततात. अडोबी वॉल्सला मुद्दाम गेलेले कोणी मला अद्याप भेटलेले नाही. याचे कारण उघड आहे. ही जागा एका अवाढव्य रँचच्या मधोमध आहे आणि तेथे पोहोचल्यावर डोळ्यांना दिसण्यासारखे फारसे काही नाही.

आम्ही अमरिलोहून आधी बोर्गर या तेलाच्या गावी गेलो, कारण तेथील काउंटीच्या संग्रहालयात या लढाईविषयीची मांडणी आहे आणि ती पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. पुढचे स्टिनेट गाव सोडल्यानंतर काही मैलांनी डांबरी रस्ता संपतो. पुढे चुनखडीची पांढरी धूळ उडवणारी कच्ची वाट, गुरांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात आडव्या बसवलेल्या लोखंडी नळ्यांच्या जाळ्या, अधूनमधून मान हलवणारे तेलपंप आणि काळी गुरे एवढेच दिसते. रँचच्या प्रदेशातला साधा नियम असा की फाटक उघडे असेल तर उघडे ठेवायचे, बंद असेल तर आपल्यामागे पुन्हा बंद करायचे, आणि वाट सोडून कोणाच्या कुरणात शिरायचे नाही. मोबाइलचा उपयोग स्टिनेटनंतर लवकरच संपतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टिनेटजवळच पेटलेल्या वणव्याने या परिसरात दहा लाख एकरांहून अधिक जमीन जाळली. टेक्सासच्या इतिहासातील तो सर्वांत मोठा वणवा होता. आम्ही गेलो तेव्हा गवत पुन्हा कमरेला लागत होते. काळी पडलेली झाडे मात्र ओढ्याच्या काठाने तशीच उभी होती.

रणांगणाचा छोटा तुकडा पॅनहँडल भागातील इतिहास संस्थेकडे आहे आणि भोवतालची सर्व जमीन टर्की ट्रॅक रँचची. कुंपणाच्या आत १९२४ साली, म्हणजे लढाईच्या पन्नासाव्या वर्षी उभारलेली एक शिळा आहे. तिच्यावर व्यापारी ठाण्याचे रक्षण करणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. येथे पडलेल्या आदिवासी योद्ध्यांची आठवण सांगणारी दुसरी शिळा त्यानंतर सतरा वर्षांनी आली. पानिपतला काला अंबजवळ निदान बाग आहे, माणसांचा राबता आहे. येथे दोन दगड, एक थडगे आणि वारा.

प्रत्यक्ष लढाई थोडक्यात अशी झाली. १८७४ च्या वसंतात कॅन्ससमधील डॉज सिटीच्या व्यापाऱ्यांनी सुमारे दीडशे मैल दक्षिणेला येऊन येथे बायसन, म्हणजे अमेरिकी रानगवे, मारणाऱ्या शिकाऱ्यांसाठी दुकाने, दारूचा गुत्ता आणि लोहारशाळा उभारली. भिंती गवताच्या मुळांसह खणून काढलेल्या ढेपांच्या होत्या, आणि त्या ढेपा पुढे निर्णायक ठरल्या, कारण त्या पेटत नाहीत. २७ जूनच्या पहाटे कोमॅन्ची, शायेन आणि कायोवा या आदिवासी जमातींच्या योद्ध्यांनी हल्ला केला तेव्हा आत २८ पुरुष आणि एक स्त्री होती. हल्लेखोरांची संख्या बहुधा ७०० सांगितली जाते. सर्वांना झोपेत गाठण्याचा बेत होता, परंतु मध्यरात्रीनंतर गुत्त्याचे आढे मोडल्याचा आवाज होऊन कित्येक जण जागे झाले होते. आढे खरोखर कडाडले, की हल्ल्याची कुणकुण आधीच लागलेल्या मालकाने गिऱ्हाइकांना न घाबरवता उठवण्यासाठी पिस्तुलाचा बार काढला, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला दुसरी शक्यता अधिक पटते. दुकानदार माणूस गिऱ्हाईक पळून जाईल असे काही बोलत नाही.

हल्ल्यामागे दोन तरुण होते. क्वाना पार्कर हा कोमॅन्ची पुढारी, आणि इसाताई हा मांत्रिक, ज्याने आपल्या रंगाने अंग रंगवले की गोळी लागणार नाही असा भरवसा दिला होता. आत असलेल्या शिकाऱ्यांकडे बायसन मारण्याच्या लांब पल्ल्याच्या शार्प्स बंदुका होत्या, आणि रंगाचा उपयोग झाला नाही. वाटेत कोणा शायेन माणसाने स्कंक (दुर्गंधी सोडणारा एक छोटा प्राणी) मारला म्हणून मंत्राची शक्ती गेली, असे इसाताईने नंतर सांगितले.

पर्यटकांना मात्र सांगितली जाते ती आतल्या शिकाऱ्यांपैकी बिली डिक्सनच्या नेमाची गोष्ट. हल्ल्यानंतरच्या दिवसांत दूरच्या टेकाडावर दिसलेल्या स्वारांपैकी एकाला त्याने मागून घेतलेल्या बंदुकीने खाली पाडले. हे अंतर १,५३८ यार्ड, म्हणजे सुमारे १४०० मीटर, असे सांगितले जाते. खुद्द डिक्सनने त्याचे श्रेय नशिबाला दिले होते. कुंपणापाशी उभे राहून टेकाडांकडे पाहिले की त्याचा प्रामाणिकपणा पटतो, कारण तेथे माणूस उभा असता तरी तो मला दिसला नसता. तेथील थडगे डिक्सनचेच आहे. तो पुढे याच परिसरात घर करून राहिला, १९१३ साली वारला आणि १९२९ साली त्याचे अवशेष येथे आणून पुरण्यात आले.

या नेमाच्या कौतुकात लढाईचे कारण बाजूला पडते, हे मला खटकते. १८७० नंतर बायसनचे कच्चे कातडे कमावून त्याचे कारखान्यांसाठी पट्टे करण्याची रीत सापडली, मागणी भडकली आणि दोन-तीन वर्षांतच कॅन्ससमधील कळप संपले. म्हणून शिकारी दक्षिणेकडे वळले, ज्या प्रदेशाला अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६७ च्या मेडिसिन लॉज तहानंतर आदिवासी आपले शिकारीचे रान समजत होते. व्यापाऱ्यांची ही दुकाने म्हणजे उपासमारीची आगाऊ सूचना होती, आणि क्वानाने ती अचूक वाचली. हल्ला फसला, त्यानंतर अमेरिकी सैन्याने चारी बाजूंनी मोहीम उघडली, सप्टेंबरमध्ये पॅलो ड्युरो दरीत सैन्यातील कर्नल मॅकेन्झीने आदिवासींचे हजारावर घोडे पकडून ठार मारले, आणि जून १८७५ मध्ये क्वाना फोर्ट सिल या लष्करी ठाण्यावर शरण गेला. १८७६ साली चार्ल्स गुडनाइट आपली गुरे घेऊन पॅलो ड्युरोत उतरला. बायसन आणि कोमॅन्ची दोघेही हटल्यावर मोकळ्या झालेल्या गवतावर रँचेस उभ्या राहिल्या, तेव्हा येथे येताना ओलांडलेली प्रत्येक गुरेरोधी जाळी या लढाईच्या निकालाचाच भाग आहे. क्वानाने पुढे टेक्सासच्या गुरेवाल्यांना आरक्षित जमिनीवर चराईचे हक्क भाड्याने देऊन चांगली कमाई केली, ही गोष्ट शिळेवर नसली तरी मला नेमाच्या गोष्टीहून अधिक मोलाची वाटते.

पहिल्या लढाईची जागा येथून मैलभर अंतरावर आहे. तेथे १८४० च्या दशकातील एका जुन्या व्यापारी ठाण्याच्या कच्च्या विटांच्या भिंती होत्या आणि त्यांवरूनच नाव पडले. नोव्हेंबर १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या तुकडीचा प्रमुख किट कार्सनने तेथे आदिवासींसमोर दोन छोट्या तोफांच्या आधाराने कशीबशी माघार घेतली. जाणाऱ्यांनी शक्य असल्यास आधी कॅन्यन गावातील पॅनहँडल-प्लेन्स संग्रहालयही पाहावे, कारण १९७० च्या दशकातील उत्खननानंतर रणांगणावर पाहण्यासारखे अवशेष उरलेले नाहीत. पेट्रोल बोर्गरलाच भरून घ्यावे, पाणी भरपूर न्यावे आणि पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकलावा. ओल्या चुनखडीत रुतलेली गाडी काढायला तेथे कोणी लवकर येत नाही.